एकोणिसावी मोजणी

नऊ ऑगस्टला गोठणीच्या पठारावर रानकाकडीची चारशे बारा रोपं होती. तीनशे शहाऐंशी वरच्या सपाटीवर, जांभ्या खडकाच्या खळग्यांत साठलेल्या मातीत. सव्वीस पूर्वेच्या कड्याखालच्या अरुंद पट्टीत, जी वरून दिसत नाही आणि जिथं दहा-बारा फूट खाली उतरून जावं लागतं. पानांवर मोझॅक, म्हणजे विषाणूचे पिवळे-हिरवे ठिपके, दिसत असलेली रोपं एकशे त्रेचाळीस : वर एकशे सव्वीस, कड्याखाली सतरा.

"वीस विसा आन् तेरा," ठकुमावशी म्हणाल्या.

"बारा."

"त्या दगडामागलं धरलंस?"

"धरलं. तीनशे एक नंबरचं."

"मग बाराच." त्यांनी ओच्यात गोळा केलेले खडे खाली टाकले. प्रत्येक विसाला एक खडा, अशी त्यांची मोजणी असे, आणि ती माझ्याहून क्वचितच चुकत असे. "माझ्या नातीला साळंत लंबर न्हाय अजून, आन् तुझ्या काकडीला हाय."

प्रत्येक रोपाशेजारी तारेला अडकवलेला पत्र्याचा बिल्ला होता. ते बिल्ले त्या वर्षी रोपं उगवताच डॉ. हेर्लेकर मॅडमनी स्वतः ठोकले होते. मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापक. अठरा वर्षं त्या दर पावसाळ्यात या पठारावर येऊन ही रोपं मोजत होत्या, आणि अठराही वर्षं पठाराच्या टोकावरच्या धनगरवाड्यातल्या ठकूबाई लांबोर त्यांच्या सोबतीला होत्या. एकोणिसाव्या वर्षी जुलैत मॅडमना मिरजेला केमो सुरू झाली, म्हणून मोजणी माझ्याकडे आली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. कृषी महाविद्यालयातून वनस्पती-रोगशास्त्रात एम.एस्सी. होऊन दोन महिने झाले होते.

ही रानकाकडी अंगठ्याएवढी असते, काटेरी आणि कडू. ती कुणी खात नाही. वेल जूनअखेर बियांतून उगवतो आणि दिवाळीपर्यंत वाळून जातो. बी जमिनीत दुसरा पावसाळा काढत नाही. म्हणजे एका वर्षी फळ पिकलं नाही, तर पुढच्या वर्षी पठारावर काही उगवणार नाही. आणि आम्हाला माहीत असलेली तिची जागा एवढीच होती.

मिरजेला निघताना मॅडमनी मला हिरव्या कापडी बांधणीची वही दिली होती.

"दर पंधरा दिवसांनी मोजायचं," त्या म्हणाल्या. "रोप जिवंत आहे का, मोझॅक आहे का, भुरी आहे का, फळं किती. औषध मारायचं नाही, मधमाश्या आहेत. मागच्या वर्षांची पानं वाचायची नाहीत. आणि बाकी काही करायचं नाही."

"मोझॅकच्या रोपांचं काय करायचं?"

"मोजायचं."

"पण आपण नक्की काय बघतोय, मॅडम?"

"ते मोजून झाल्यावर सांगेन."

मला ते आवडलं नव्हतं. मी रोगशास्त्र शिकलेली, आणि मला कारकुनी दिली होती, असं मला वाटलं.

मोझॅक मला पाचवीपासून ठाऊक होता. शिरोळला आमच्या दोडक्याच्या मांडवावर तो आला, तेव्हा अण्णांनी एका दुपारी चाळीस वेल मुळासकट उपटून बांधापलीकडे जाळले होते. आई म्हणाली, अहो, फुलं आहेत त्याच्यावर. अण्णा म्हणाले, असू देत, उरलेले तरी वाचतील. वाचले. पुढे पुस्तकात तेच वाचलं. विषाणूवर औषध नसतं. मावा नावाचा बारीक किडा रोगट झाडाचा रस पितो आणि निरोगी झाडावर जाऊन बसतो, तेवढ्यात रोग पसरतो. म्हणून रोगट झाड दिसलं की उपटायचं. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा, आणि मला त्यात पैकीच्या पैकी पडायचे.

चोवीस जुलैला मोझॅकची रोपं एकसष्ट होती. सोळा दिवसांत ती एकशे त्रेचाळीस झाली. ठकुमावशींच्या पडवीत बसून मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. याच वेगानं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पठारावर एकही निरोगी रोप उरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. पठारावर एकाच दगडावर रेंज येई, आणि आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी मी तिथं जाऊन उभी राहत असे.

"ठकू कशी आहे?"

"बऱ्या आहेत. तुम्ही?"

"मी आहे. सप्टेंबरअखेर येते मी. डॉक्टर नाही म्हणतायत, पण जीपनं वाड्यापर्यंत येता येईल. पुढं ठकूचा खांदा आहे. मला यंदाची फळं बघायचीत, पद्मजा."

"या, मॅडम. बघाल."

"आकडे सांगू नकोस आत्ता. आल्यावर बघेन."

फोन ठेवल्यावर मी तिथंच उभी राहिले. पुन्हा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"उपटायची?" ठकुमावशी म्हणाल्या. त्या म्हशीला पेंड कालवत होत्या. हात तसाच पाटीत राहिला. "सगळी?"

"ठिपक्यांची फक्त. नाहीतर बाकीची पण जातील."

"मॅडमला इचारलंस?"

"त्यांना कशाला त्रास या दिवसांत?"

"त्या म्हनत्यात, हात लावू नका. एका वर्सी म्या मूठभर गवात काढलं तर आठ दिस बोलल्या न्हाईत माझ्याशी."

"मावशी, मॅडम झाडांच्या आहेत. रोगांचं शिक्षण माझं आहे."

हे वाक्य मी मोठ्यानं म्हटलं होतं. म्हशीनंसुद्धा मान वर केली.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "शिकलेली तू. मला काय, मी म्हसरांमागची."

दोन दिवस लागले. पाऊस बारीक होता आणि मुळं सहज येत होती. रोप उपटायचं, बिल्ला पिशवीत टाकायचा, वेल खताच्या पोत्यात कोंबायचा. ओला पाला जळेना, म्हणून पोती खाली ओढ्यापलीकडे नेऊन पुरली. वरच्या सपाटीवरची एकशे सव्वीस रोपं मी माझ्या हातानं काढली. त्यातल्या बऱ्याच वेलांना फळं धरली होती. ती मी मोजली नाहीत. त्या वर्षात मी न मोजलेली तेवढीच एक गोष्ट.

कड्याखालची सतरा राहिली होती. मला उंचावरून खाली बघवत नाही. नऊ तारखेला ठकुमावशींचा हात घट्ट धरून एकदा उतरले होते, पुन्हा उतरायची छाती नव्हती.

"मी जाते की," त्या म्हणाल्या. "तू बस. वारा खा."

अर्ध्या तासानं त्या कड्याच्या कडेनं परत आल्या.

"झालं?"

"झालं."

"बिल्ले?"

"ऱ्हायले खालीच. कोन वाकनार परत? तिथं बिल्ले खायला कोन येतंय?"

मी वहीत लिहिलं : कड्याखाली उरलेली, नऊ. एकूण, दोनशे एकोणसत्तर. मोझॅक, शून्य.

चोवीस ऑगस्टच्या मोजणीत एकाही रोपावर नवा मोझॅक नव्हता. मी पुन्हा पुन्हा पानं उलटून पाहिली. वेल गडद हिरवे आणि भरदार होते, पिवळी फुलं उघडली होती, प्रत्येक खळग्यावर माश्या होत्या. कड्याखालचं मी ठकुमावशींना विचारलं. "नऊ," त्या म्हणाल्या, "हायत तशीच." त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शाब्बास. वेळेवर केलंस." मला फार बरं वाटलं. मॅडम जीपमधून उतरतील, हे हिरवंगार पठार बघतील, आणि मग मी त्यांना सांगेन, असं मी ठरवून ठेवलं होतं. काय बोलायचं ती वाक्यंसुद्धा ठरली होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबला. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. सकाळी पठारावर दव इतकं पडे की चपला भिजून जात. आठ तारखेला एकतीस रोपांच्या पानांवर पांढरे डाग दिसले. बोटानं पुसलं की जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

"पीठ सांडल्यागत दिसतंय," ठकुमावशी म्हणाल्या.

"भुरी आहे. बुरशी असते ती."

"मग ही बी उपटायची का?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं.

पंधरा तारखेला भुरी एकशे नव्वद रोपांवर होती. गंधकाची भुकटी तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते. मी एसटीनं जाऊन दुपारपर्यंत घेऊन आले असते. पण औषध मारायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर मॅडमच्या अक्षरात होतं. त्यांचं एक सांगणं मी मोडलं होतं, म्हणून दुसरं पाळलं. बावीस तारखेला वरच्या सपाटीवर भुरी नसलेलं एकही रोप नव्हतं. पानं आधी पांढरी झाली, मग कडेनं तपकिरी, मग हातात घेतली की चुरा होऊ लागली. फळं हिरवीच होती. वेलाला पान नसलं की फळ पिकत नाही, ते तसंच सुरकुतून गळतं.

मॅडम सव्वीस तारखेला आल्या. जीप वाड्यापाशी थांबली. डोक्याला निळा रुमाल, अंगावर एवढ्या उकाड्यात स्वेटर. ठकुमावशींनी त्यांना खांदा दिला, आणि शंभर पावलांच्या चढाला तीनदा थांबत त्या दोघी वर आल्या. मी मागून वही घेऊन चालत होते.

"किती हलकी झालाया मॅडम तुमी," ठकुमावशी म्हणाल्या. "माझं कोकरू जड हाय याच्यापरीस."

"मग बरंच आहे. तुला ओझं नाही."

वर आल्यावर मॅडम एका खडकावर बसल्या आणि त्यांनी पठारावरून एकदा नजर फिरवली.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "केवढी भुरी."

त्यांचा आवाज आनंदाचा होता. मला काहीच कळेना. त्या पुढे वाकल्या, जवळचा वेल पाहिला, मग त्याच्या पलीकडचा. मग उठून चार पावलं चालल्या आणि पुन्हा पाहिलं.

"मोझॅकची कुठायत?"

मी वहीचं पान उलटलं.

"पद्मजा, मोझॅकची रोपं कुठली? माझे डोळे अधू झालेत का?"

"मी उपटली, मॅडम."

"किती?"

"एकशे सव्वीस. आणि खालची सतरा मावशींनी. पसरत होता. सोळा दिवसांत दुपटीहून जास्त झाला होता. मला वाटलं, उरलेली तरी वाचतील. तुम्ही याल तेव्हा…"

मॅडम पुन्हा खडकावर बसल्या. वही द्यायची खूण केली. त्यांनी पानं मागं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून वही माझ्याकडे फिरवली.

"वाच. सहावं वर्ष."

मी वाचलं. भुरी मोठी. मोझॅकची त्रेपन्न, पैकी फळ पिकेपर्यंत टिकली सत्तेचाळीस. मोझॅक नसलेली दोनशे चार, टिकली अकरा.

"आता तेरावं."

मोझॅकची अठ्ठ्याऐंशी, टिकली एक्क्याऐंशी. मोझॅक नसलेली एकशे सत्तर, टिकली नऊ.

"मोझॅकचा वेल खुरटा असतो," मॅडम म्हणाल्या. "फळं निम्मी धरतो. साध्या वर्षी तो मागंच पडतो. पण भुरीच्या वर्षी पठारावर बी पडतं ते त्याच्यामुळं. ज्याला विषाणू झालाय त्याच्यावर बुरशी नीट वाढत नाही. का, ते मला माहीत नाही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा योगायोग वाटला. दुसऱ्यांदा वाटलं नाही, पण तेव्हा मला काय दिसायला हवंय ते मला ठाऊक होतं. अशा माणसाच्या मोजणीवर विश्वास ठेवू नये. माझ्यासुद्धा. म्हणून तिसऱ्यांदा दुसरं कुणीतरी मोजायला हवं होतं. ज्याला काहीच माहीत नाही असं."

"म्हणून तुम्ही मला सांगितलं नाही."

"म्हणून सांगितलं नाही."

वाऱ्यानं भुरीचा वाळलेला पाला खडकावरून घसटत जात होता. मॅडमनी वही मिटली नाही. ठकुमावशी मघापासून पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या. "एक सांगू का? रागवू नगासा."

"काय?"

"कड्याखालची म्या न्हाय उपटली."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"गुडघं धरल्यात माझं. आदी हिचा हात धरून उतरले व्हते, पर त्या दिशी एकटी कड्यापतोर गेले, पाय खाली सोडला, न् भ्या वाटलं. तिथंच बसले, तंबाखू मळली, आन् आले परत. ही पोर म्हनली असती, मावशीचं आता होत न्हाय. मग मॅडम दुसरी बाई बघतील."

"आणि चोवीस तारखेला मला नऊ सांगितलीत, ती?" मी विचारलं.

"सव्वीसातनं सतरा गेली तर नऊच ऱ्हात्यात की."

मॅडम हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मग त्या म्हणाल्या, "गुडघे कधीपासून, ठकू?"

"दोन वर्सं."

"मग गेल्या वर्षीचे खालचे आकडे?"

"गेल्या वर्सी उतरले व्हते. आईशपथ. बसून बसून."

मी चपला काढल्या. कड्याशी गेले, तोंड खडकाकडे केलं आणि उतरले. हात धरायला कुणी नव्हतं. उतरायला किती वेळ लागला ते आठवत नाही.

पट्टीत रोपं होती. काही ठिकाणी पांढऱ्या चुऱ्याखाली नुसती काडी, आणि त्याला लागून पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची, आकसलेली, वाकडीतिकडी पानं. जिवंत. त्यांच्यावरही भुरीचे डाग होते, पण नखाएवढे, तिथंच थांबलेले. खाली काकड्या पिकून पिवळ्या झाल्या होत्या.

"सांग," वरून मॅडमचा आवाज आला.

"तीनशे सत्त्याऐंशी," मी ओरडले. "मोझॅक आहे. जिवंत. पिकलेली फळं तीन."

"तीन. पुढं."

"तीनशे अठ्ठ्याऐंशी. मोझॅक नाही. मेलेलं."

"पुढं."

सव्वीस रोपं अशी झाली. त्या लिहीत होत्या. मधे एकदा त्यांनी विचारलं, "मेलेलं म्हणजे नक्की? देठ हिरवा आहे का बघ." मी बघितलं. नव्हता.

वर आल्यावर त्यांनी बेरीज माझ्याकडून करवून घेतली. कड्याखाली मोझॅकची सतरा, जिवंत पंधरा, पिकलेली फळं एक्केचाळीस. मोझॅक नसलेली नऊ, जिवंत एक, पिकलेलं फळ नाही. मग वरच्या सपाटीचं, ज्याची मोजणी मी आदल्या दिवशीच केली होती : मोझॅक नसलेली दोनशे साठ, जिवंत बारा, पिकलेली फळं पाच.

"सव्वीस रोपांवर काही सिद्ध होत नाही, पद्मजा," त्या म्हणाल्या.

"हो."

"चारशे बारा होती तुझ्याकडे."

"हो, मॅडम."

"उपटलेल्यांपुढं काय लिहिलंयस?"

"अजून काही नाही."

"'मेली' लिहू नकोस. 'उपटली' लिही. तारीख घाल. कुणी, ते लिही."

मी लिहिलं. त्यांनी वाचून बघितलं. त्यानंतर त्या माझ्यावर रागावतील म्हणून मी थांबले, पण त्या वेलांकडे बघत बसल्या होत्या.

"मी तुला सांगायला हवं होतं का, याचा विचार करतेय," त्या म्हणाल्या. "अजून ठरत नाहीये."

जीपपाशी त्यांनी वही मागून घेतली आणि माझा हात धरला. स्वेटरच्या बाहीत मनगट सापडतच नव्हतं.

"फळं तोडू नका. तिथंच फुटू देत. पुढच्या वर्षी उगवतील ती मोज, आणि मोझॅक किती ते मोज. या वेलांबरोबर तोही वाळून जाणार, तो बियांतून जात नाही. माव्यानं परत आणला तर आणला. तो आला नाही, तर पुढच्या भुरीत ही सगळी संपतील."

"तुम्ही याल ना?"

"ठकू," त्या म्हणाल्या, "हिला खडे मोजायला शिकव. ही फार ओरडून मोजते."

मॅडम डिसेंबरात गेल्या. मी मिरजेला पोचले तेव्हा सगळं झालं होतं. त्यांच्या भावानं वही माझ्या हातात दिली. शेवटच्या लिहिलेल्या पानापुढं मॅडमनी विसाव्या वर्षाचे रकाने आखून ठेवले होते, पट्टीनं, पेन्सिलीत.

पुढच्या वर्षी नऊ ऑगस्टला मी पठारावर होते. ठकुमावशी कड्याच्या वर बसल्या, मी खाली उतरले. मग सपाटी दोघींनी मिळून केली, आणि संध्याकाळी दोघींचे आकडे ताडून पाहिले. ते जुळले. रोपं सत्तावन्न. मोझॅक असलेली, एकही नाही.